कॅन्सरचे उपचार संपले, पण रोवणीला हात चालत नाही, त्याचं काय?

फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की, तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर सेंटर उभं राहणार. गोंदियासाठी ही मोठी बातमी. इथल्या अनेक पेशंटना आजही सुमारे १३० किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं.

पण डे-केअर म्हणजे काय? सकाळी केमो घ्यायची, संध्याकाळी घरी. केमो संपल्यावर पुढच्या दहा-वीस वर्षांत काय, याचं उत्तर त्यात नाही.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. रोवणी करतात प्रामुख्याने बाया. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, की त्या हातातल्या लसिकेचा निचरा अडतो आणि हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. तो लगेच येतो असं नाही, काही वर्षांनीही येतो. अशा हाताला बांधीतल्या चिखलात साधं खरचटलं तरी जंतुसंसर्ग पसरू शकतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग काम सोडायचं का? ‘त्या हाताने काही उचलू नको’ हा सल्ला आता जुना झालाय. २००९ मध्ये अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या १४१ महिलांवरचा अभ्यास आला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. मात्र तिथे शिकवायला माणूस होता, दाब देणारी स्लीव्ह होती. आपल्याकडे महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं. पण घरी परतल्यावर स्लीव्ह कोण देणार, फिजिओकडे जाताना बुडणारी मजुरी कोण भरणार? खरी गोची इथे आहे.

दुसरा मोठा गट तोंडाच्या कॅन्सरचा. खर्रा विदर्भात किती चालतो, हे वेगळं सांगायला नको. जबडा आणि मानेवर रेडिएशन झालं की लाळ कमी होते, तोंड कमी उघडतं, दात किडतात. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात परस्पर काढू नका. तिथलं हाड कधीकधी भरूनच येत नाही, म्हणून डेंटिस्टला आधी सांगा. मानेवर रेडिएशन झालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणीही हवी. सततचा थकवा म्हणजे नेहमी अशक्तपणाच असतो असं नाही.

काही केमोंमुळे तळपाय बधिर होतात. अनवाणी बांधावरून चालताना काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय बघायचे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी कॅन्सरतज्ज्ञ लागत नाही. फिजिओथेरपिस्ट, डेंटिस्ट आणि रक्ततपासणी लागते. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नव्या सेंटरला हे तिघं जोडले नाहीत, तर टीएसएचसाठीही लोक नागपूरची गाडी पकडतील.

तोपर्यंत एक कामाची गोष्ट. रेल्वेची कॅन्सर सवलत उपचारासोबत ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीलाही मिळते. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलकडून रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मागून घ्या.