भारत जगातला चौथा ‘समान’ देश? आधी काय मोजलं ते पाहा

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की, समानतेत भारत जगात चौथा आहे. पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. आधार होता जागतिक बँकेचा 2022-23 साठीचा 25.5 हा गिनी निर्देशांक. यात 0 म्हणजे सगळे सारखे, 100 म्हणजे सगळं एकाच्याच हाती.

ग्यानबाची मेख इथेच आहे. भारताचा हा आकडा खर्चाचा आहे. अनेक देशांचा उत्पन्नाचा असतो. गरीब घरात आलेला जवळपास सगळा पैसा किराणा, भाडं, औषधांत संपतो. श्रीमंत घर कितीही उधळपट्टी करो, बराचसा पैसा शेअर, जमीन, फ्लॅटमध्ये जातो आणि खर्चात दिसत नाही. म्हणून दरी लहान भासते. उलट, कर्ज काढून दवाखान्याचं बिल भरलं तर तोही ‘खर्च’च. शिवाय अतिश्रीमंत घरं अशा सर्वेक्षणांत फारशी सापडत नाहीत.

मग संपत्तीचं काय? वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार 2022-23 मध्ये वरच्या 1 टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के, तर संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. विषमता प्रत्यक्षात जास्त असू शकते, हे जागतिक बँकेनेही त्याच टिपणात लिहिलं होतं.