लोप की अभाव?

‘डिसअपिअर’ या इंग्रजी क्रियापदापुढे मराठी समीक्षेने एक सोय करून घेतली आहे. ‘नाहीसे होणे’, ‘लुप्त होणे’, ‘अदृश्य होणे’ यांपैकी वाक्यात जे बसेल ते योजायचे आणि पुढे सरकायचे. वस्तुतः हे शब्द समानार्थी नाहीत. इंग्रजी क्रियापद दृष्टीआड होणे आणि अस्तित्वच संपणे हे दोन्ही अर्थ एका पोटात बाळगते; मराठीला मात्र निवड करावी लागते. ‘दिसेनासे होणे’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘नाहीसे होणे’ पाहणाऱ्याला वगळून थेट अभावाचा निर्वाळा देते.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे हा भेद ढळढळीत दिसतो. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीखालून एके काळी घोडेस्वार जात असे, आता वस्त्र सरकेल एवढेच अंतर उरले आहे, अशी आख्यायिका आहे. या कथेत मूर्ती जाते कोठे? नाहीशी होत गेली ती पोकळी. उलट दिगंबर-श्वेतांबर वादामुळे १९८१ पासून २०२३ पर्यंत मंदिराला कुलूप होते, तेव्हा मूर्ती होतीच. भाविकांना अंतरले ते नित्याचे दर्शन. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद खपून जाईल. मराठीत तसे खपवणे हा आळस आहे.

‘लोप’ ही संज्ञा तर अधिकच हलगर्जीपणे वापरली जाते. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शन’ अशी केली, अभाव अशी नव्हे. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य होतेच, असेही सांगितले. ‘अग्निचित्’ या शब्दात क्विप् प्रत्ययाचा मागमूस नाही, पण अखेरचा ‘त्’ त्याच्यामुळेच आला आहे. फुकोने १९६९ च्या व्याख्यानात लेखक दिसेनासा झाल्याचे नुसते घोकत न बसता त्याने रिकाम्या केलेल्या जागेचा शोध घ्यायला सांगितले, ते या लोपाच्या किती जवळचे आहे! तरीही आपल्याकडे ‘लेखक नाहीसा झाला’ असे लिहिले जाते आणि त्या जागेवरून चालणारी कार्ये चर्चेतून बाद होतात.

मराठीत नेमके शब्द नाहीत, ही तक्रारही फोल आहे. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’मध्ये (१९६१) हे क्रियापद सकर्मक होते, तेव्हा ते खटकावे अशीच योजना असते. पुढे अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्यांसाठी स्पॅनिशमध्ये ‘देसापारेसिदोस’ हा शब्द रूढ झाला, आणि इंग्रजीतील सकर्मक प्रयोगाचे खटकणे संपले. मराठीत ‘नाहीसा करणे’, ‘गडप करणे’ ही रूपे घरचीच आहेत. त्यांना कर्ता लागतो. या माणसांविषयी लिहिताना ‘बेपत्ता झाले’ म्हणणारा अनुवादक तो कर्ता स्वतःच्या हाताने गाळतो. दोष भाषेचा नसतो.