काढ्याने भागत नाही

ऑपरेशननंतर दुखणं आणि मनाची धाकधूक कमी व्हावी म्हणून कुठला चहा घ्यावा, याच्या याद्या हल्ली पुरवण्यांतून हौसेने छापतात. मला गवती चहाचं वावडं नाही. सत्तरी ओलांडली, तरी सकाळ त्यावाचून होत नाही. आल्याने मळमळ कमी होते हेही खरं. पण मंडळी, आमच्या बीड जिल्ह्यात बाई "ऑपरेशन झालंय" म्हणाली की कसलं, हे सहसा विचारावं लागत नाही. पिशवीचं!

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. सहा जणींत एक. कितीतरी चाळिशीच्या आतल्या.

फडात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड. पोट उघडून पिशवी काढल्यावर दीडेक महिना जड उचलायचं नसतं, आणि ही बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरते. तिला काय सांगायचं? तुळशीचा काढा घे?

धडधडीचंही तेच. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर पाळी जाण्याची लक्षणं एकदमच येतात. अंगातून वाफा, झोप नाही, जीव घाबरा. पुढे हाडं ठिसूळ. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. (काही घरांत देवऋषीही येतो, असो.) याला तपासणी लागते, औषध लागतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना आलं-हळदीचे काढे मनाला येतील तसे ढोसले, तर रक्तस्राव वाढू शकतो. काढा घेत असाल तर निदान डॉक्टरांच्या कानावर घाला.

यावर लगेच 'आजीबाईचा बटवा' पुढे येतो. अहो, त्या आजीने बाळंतिणीला शेपा-ओवा दिला, पण सव्वा महिना खाटेवरून उठूही दिलं नाही! काम दुसऱ्यांनी केलं, तूप-खोबरं घरातून निघालं. आपण बटव्यातला फुकटचा ओवा तेवढा उचलला आणि सव्वा महिना मात्र सोयीस्कर विसरलो.

पुढे खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. चांगलं झालं. पण ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांच्या सव्वा महिन्याची मजुरी कारखाना देणार की मुकादम? चहाच्या याद्या छापणाऱ्यांनी एकदा हे छापावं.