आधी ऊब, मग हिशेब

ब्रिटनमध्ये 1997 साली लेबर सरकारने वृद्धांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. त्यामागचा विचार सरळ होता. पेन्शनच्या वयाच्या माणसाला थंडीच्या तोंडावर घर गरम ठेवायला पैसे मिळावेत आणि त्यासाठी त्याला कोणापुढे आपली गरिबी सिद्ध करावी लागू नये. ऐंशीच्या आतल्यांच्या घरी 200 पौंड, त्यापुढच्यांना 300. बहुतेकांच्या खात्यात ते अर्जाविना जमा होत. जुलै 2024 मध्ये लेबरच्याच अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी हा विचार मोडीत काढला. तिजोरीत खड्डा असल्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये हा भत्ता ‘पेन्शन क्रेडिट’सारखी उत्पन्नाधारित मदत घेणाऱ्यांनाच मिळेल, असे त्यांनी जाहीर केले. एक कोटीहून अधिक लाभार्थींचे सुमारे पंधरा लाख उरले.

हा निर्णय चुकला. श्रीमंत निवृत्तांना या पैशाची गरज नाही, हे कोणीही मान्य करील. पण रेष कुठे ओढली गेली? एकट्या माणसासाठी तेव्हा पेन्शन क्रेडिटची मर्यादा आठवड्याला 218 पौंड 15 पेन्स, आणि नवे पूर्ण सरकारी पेन्शन 221 पौंड 20 पेन्स. म्हणजे त्या पेन्शनखेरीज एका पेन्सचीही आवक नसलेला वृद्ध तीन पौंडांमुळे बाहेर. शिवाय पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक त्यासाठी अर्जच करत नाहीत. कुणाला ठाऊक नसते, कुणाला लांबलचक अर्ज झेपत नाही, कुणाला हात पसरण्याची लाज वाटते. सर्वांत हलाखीत असलेले हे लोकच पुन्हा यादीबाहेर राहिले.

थंडी यादी पाहून येत नाही. घरातले तापमान किमान 18 अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, दमेकऱ्याची छाती भरते. वय झाल्यावर शरीराला गारठा वेळेवर जाणवतही नाही. त्यात ब्रिटनमधली घरे युरोपातल्या सर्वांत जुन्या घरांपैकी, भिंती-खिडक्यांतून ऊब निसटणारी. बिलाच्या धास्तीने वृद्ध माणसे एकाच खोलीत हीटर लावून बसतात. हे त्या देशातल्या मंत्र्यांना माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही.

मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत मतदारांनी लेबरला झोडपले आणि जूनमध्ये सरकार मागे फिरले. आता पेन्शनच्या वयाच्या सर्वांना भत्ता मिळतो. ज्यांचे वार्षिक उत्पन्न 35 हजार पौंडांहून जास्त आहे, त्यांच्याकडून तो करातून परत घेतला जातो. सुमारे नव्वद लाख वृद्धांना लाभ राहतो. माघार राजकीय भीतीपोटी असली तरी रचना योग्य आहे, कारण हिशेबाचे ओझे आता म्हाताऱ्या माणसावर नाही, करखात्यावर आहे. श्रावणबाळ योजनेच्या अनुदानासाठी उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढणारे आपल्याकडचे वृद्ध पाहिले, की मंत्रालयानेही हा क्रम शिकायला हवा, असे वाटते.

पण या दुरुस्तीतून पेन्शनचे वय न झालेले दिव्यांग सुटले आहेत. चाळिशीतला माणूस दिवसभर व्हीलचेअरवर बसून असतो, तेव्हा हालचाल नसल्याने त्याचे अंग लवकर गार पडते. व्हीलचेअरची बॅटरी, ऑक्सिजनचे यंत्र, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे रोजचे कपडे धुणे, सारे विजेवर. हा वापर काटकसरीने कमी होणारा नाही. तरीही 2022 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या 150 पौंडांच्या वीजबिल सवलतीतून केवळ अपंगत्व भत्ता घेणाऱ्यांना वगळण्यात आले. 2025 मध्ये ही सवलत उत्पन्नाधारित मदत घेणाऱ्या आणखी लाखो घरांना खुली झाली, पण अपंगत्व भत्ता एवढाच आधार असेल तर तो आजही पुरेसा धरला जात नाही. वास्तविक तो भत्ता अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठीच आहे, आणि तो घेणाऱ्यांची नावे, पत्ते, बँक खाती सरकारदरबारी नोंदलेली आहेत. नवा अर्ज नको, नवी तपासणी नको. दिव्यांगांच्या संघटना त्यांच्यासाठी स्वस्त वीजदराची मागणी करत आहेत. ती मान्य होईपर्यंत निदान हे 150 पौंड तरी त्यांच्या बिलातून येत्या हिवाळ्याआधी थेट वजा व्हावेत.