नैवेद्य ऋतूचाच हवा

गणपतीच्या नैवेद्याला अलीकडे दुकानातील मिठाईची खोकी सर्रास येऊ लागली आहेत. देव भावाचा भुकेला हे खरे. पण तो भाव प्रकट व्हावयाचा कशातून? भाद्रपदात कोकणच्या परसात तवसे, म्हणजे मोठी जून काकडी, तयार झालेले असते. किसलेले तवसे, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे यांचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजले, की साऱ्या घरात दरवळ सुटतो. तो त्या ऋतूचाच प्रसाद होय. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाण्याचा नेमही हेच शिकवितो: परसातील अळू, भोपळा, पडवळ देवाला पुरेसे आहे.

नोकरी सांभाळणाऱ्या गृहिणीने हा खटाटोप केव्हा करावा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र दुकानात नाही, घरातच आहे. पाच पक्वान्नांऐवजी एकच करावे. शहरात तवसे न मिळाल्यास लाल भोपळ्याचे घारगे करावेत. किसण्याचे काम मुलांनी करावे, नारळ पुरुषांनी खवावा. पूजा साऱ्या घराची. मग नैवेद्याचे कष्ट तेवढे एकटीचे का असावेत?