अंतर कोणाच्या पावलांनी मोजायचे?

सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात देशभर स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा होत होता. घरोघर तिरंगा फडकवण्याची मोहीम ऐन भरात होती. त्याच सप्ताहात मोखाडा तालुक्यातील बोटोशी ग्रामपंचायतीच्या हद्दीत, मर्कटवाडी नावाच्या पाड्यावर, एक आदिवासी स्त्री दिवस भरण्यापूर्वीच घरी प्रसूत झाली. जुळी बालके दगावली. रक्तस्राव थांबेना आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकत नव्हती, कारण पाड्याला रस्ताच नव्हता. अखेर कुटुंबीयांनी चादरीची झोळी केली आणि निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर चालत तिला मुख्य रस्त्यावर आणले. तिचा जीव वाचला. त्या झोळीचे चित्र वृत्तपत्रांनी छापले, हळहळ व्यक्त झाली, आश्वासनेही दिली गेली.

अशा प्रसंगी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य येते: रस्ता नव्हता. वाक्य खरे आहे. पण ते बोलून झाले की विचार थांबतो. जणू अंतर हा निसर्गाचा कोप आणि डांबर हा त्यावरचा एकमेव उतारा. वस्तुतः अंतर ही केवळ भूगोलाची देणगी नसते. शाळा कोठे उघडायची, दवाखाना कोणत्या गावी बांधायचा, कचेरी कोठे हलवायची, शेवटची एस.टी. किती वाजता सोडायची, हे सारे माणसे ठरवतात, कागदावर ठरवतात, आणि ठरवताना कोणाच्या तरी पायांचा हिशेब मनात धरतात किंवा धरत नाहीत. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत तो हिशेब धरला गेलेला नाही, हे मूळ दुखणे आहे.

नगररचनेच्या क्षेत्रात हा विचार आता नवा राहिलेला नाही. पॅरिसच्या महापौरपदाच्या २०२० च्या निवडणुकीत ॲन हिडाल्गो यांनी ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना प्रचारात आणली. कार्लोस मोरेनो या अभ्यासकाने मांडलेली ही कल्पना साधी आहे. नागरिकाला शाळा, दवाखाना, बाजार, बाग ही सारी घरापासून पाव तासात, पायी किंवा सायकलीने गाठता आली पाहिजेत. मोटारीवाचून ज्याचे अडते त्याच्या दृष्टीने शहराची रचना सदोष आहे, असा तिचा अर्थ. पॅरिसच्या नागरिकाचा पाव तास जर धोरणाचा विषय होऊ शकतो, तर मर्कटवाडीच्या स्त्रीचे दोन-तीन तास का होऊ नयेत?

या कसोटीवर जव्हार शहर घासून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. हे मुकणे घराण्याच्या आदिवासी संस्थानाचे राजधानीचे गाव. १९१८ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. तहसील कचेरी, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, पतंगशाह कुटीर रुग्णालय, एस.टी. स्थानक, बाजारपेठ हे सारे एका लहानशा पठारावरच्या गावात. शहरात राहणाऱ्याला यांपैकी बहुतेक ठिकाणी चालत जाता येते. पॅरिसच्या नियोजनकारांना जे घडवायचे आहे ते जव्हारला आपसूक लाभले आहे.

परंतु तालुक्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत १ लाख ४० हजार होती. शेजारच्या मोखाडा तालुक्याची ८३ हजारांहून अधिक. दोन्ही ठिकाणी दर दहा माणसांत नऊहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, ठाकूर, कोळी, कातकरी. ही माणसे शहरात राहत नाहीत. डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांत राहतात. शहराचा दवाखाना त्यांचा, बाजार त्यांचा, कचेरीही त्यांच्याच नावाने चालणारी. पण त्यांचे चालणे शहरात सुरू होत नाही. ते पाड्यावर सुरू होते, ओहळ ओलांडते, चढ चढते, डांबरी सडकेवर येऊन गाडीची वाट पाहते. शहराच्या आराखड्यात यातले काहीही दिसत नाही, कारण आराखडा हद्दीच्या दगडापाशी संपतो.

मग या चालण्याची नोंद कोठे होते? शासनाच्या मापदंडांत पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्या धरतात. ही सवलत आहे, पण तिचे एकक माणसांची संख्या आहे, त्यांच्या वाटेची लांबी नव्हे. दाट वस्तीचे वीस हजार लोक आणि दऱ्याखोऱ्यांत पसरलेले वीस हजार लोक या गणितात सारखेच. सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आदिवासी भागासाठी अडीचशे लोकवस्तीची अट घातली. त्याहून लहान पाडा योजनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. २०११ च्या जनगणनेने गावोगावच्या सोयी नोंदवल्या, तेव्हा गावात नसलेल्या सोयीचे अंतर तीन गटांत लिहिले: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. आजारी मूल कडेवर घेऊन चढ चढणाऱ्या आईला चार किलोमीटर म्हणजे काय, हे पहिल्या गटाच्या रकान्यात कोठून उमटणार? शिवाय नोंद महसुली गावाची, पाड्याची नव्हे. गावठाणात शाळा असली की तिन्ही बाजूंच्या पाड्यांनाही ती असल्याचे कागदावर ठरते.

सरासरीचा हा घात जुना आहे. १९८४ साली दांडेकर समितीने महाराष्ट्राच्या विकासाचा अनुशेष मोजला, ते काम ऐतिहासिक महत्त्वाचे होते. पण एकक जिल्हा हे होते. त्या काळी जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. ठाणे, कल्याण, भिवंडी यांच्या कारखानदारीच्या सावलीत हे दोन तालुके सहज झाकले गेले. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा राज्याला जाग आली की एका प्रगत म्हणवणाऱ्या जिल्ह्याच्या पोटात हे दडलेले होते.

चालण्याची किंमत अर्थशास्त्राच्या भाषेतही मांडता येते. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर स्त्रिया पाण्यासाठी लांबच्या विहिरीवर जातात, टँकरची वाट पाहतात. रोज दोन खेपा आणि प्रत्येक खेपेला एक तास धरला, तर चार महिन्यांत दोनशे चाळीस तास होतात. आठ तासांच्या दिवसाने तीस दिवस. म्हणजे प्रत्येक स्त्री वर्षाकाठी एक महिना बिनमजुरीने पाणी वाहते. हा श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे आहे. ते मुंबईला दररोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देते. मुंबईकराच्या नळापर्यंत जाणाऱ्या पाण्याला कोणी डोक्यावर घेत नाही. त्यासाठी अभियंत्यांनी डोंगर पोखरले. हेच कसब पाड्याच्या विहिरीपाशी येऊन थकते, याचे कारण तांत्रिक खचितच नाही.

प्रवासाच्या साधनांचेही असेच. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. योजना चांगली, सपाटीवर सायकलीने मुलीचे जग मोठे होते यात शंका नाही. पण जेथे वाट दगडगोट्यांची आणि चढणीची, तेथे सायकल ओढत न्यावी लागते आणि पावसाळ्यात भिंतीला टेकून उभी राहते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, तेही स्वागतार्ह. परंतु अर्ध्या तिकिटाचा लाभ गाडी येईल तेथेच. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने सेवा विस्कळीत होती, तेव्हा ज्यांच्यापाशी दुसरे वाहन नाही त्यांच्यासाठी एक लाल गाडी काय असते हे महाराष्ट्राने पाहिले. सकाळी तालुक्याला नेणारी आणि सायंकाळी परत आणणारी गाडी, पाड्याजवळच्या गावात रात्री मुक्कामाला थांबणारी गाडी, ही सुखसोय नव्हे. तो दवाखान्याचा आणि महाविद्यालयाचा उंबरठा आहे.

आणि कचेऱ्या? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे मुख्यालय जव्हारला असावे अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे सिडकोने पालघरजवळ कोळगाव येथे भव्य मुख्यालय संकुल उभारले. २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. प्रशस्त इमारती, रुंद रस्ते. पण मोखाड्याहून पालघर सुमारे शंभर किलोमीटर, आणि संकुल बोईसरच्या मार्गावर, पालघरच्या बाजारपेठेपासून व रेल्वे स्थानकापासून दूर. एका दाखल्यासाठी आलेल्या माणसाने एस.टी.तून उतरल्यावर पुन्हा रिक्षा करावी, हे गृहीत धरूनच ती रचना झाली. ज्याने आराखडा काढला तो मोटारीने येणार होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पाडे लहान व विखुरलेले. प्रत्येकाला शाळा, दवाखाना, रस्ता द्यायचा तर खर्च परवडायचा कसा? लोकांनीच सडकेजवळ यावे. या आक्षेपात खर्चाचा भाग खरा आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. मात्र पाडे हट्टाने विखुरलेले नाहीत. नाचणी-वरईची वरकस जमीन उतारावर आहे, पाणी झऱ्यापाशी आहे, जळण जंगलात आहे. उपजीविका जेथे आहे तेथे माणूस राहतो. तो सडकेवर आला तर त्याचे शेत दूर जाईल, आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल.

दुसरे असे की निव्वळ रस्त्याने प्रश्न सुटत नाही. कधी तो उलटतो. रस्ता झाला, आता मुले मोठ्या शाळेत जाऊ शकतात, म्हणून लहान शाळा बंद करा, हा युक्तिवाद आपण ऐकला आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांबाबत राज्य शासनाने असाच निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ पुढे आली. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी तर पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे म्हटले आहे. रस्ता यावा आणि त्याच रस्त्याने शाळा निघून जावी, याला विकास म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, मोजण्याचे एकक बदलावे. प्रत्येक पाड्यापासून अंगणवाडी, शाळा, आरोग्य उपकेंद्र, रास्त भावाचे दुकान आणि गाडीचा थांबा येथपर्यंत पायी किती वेळ लागतो, तोही आषाढ-श्रावणात, हे ग्रामसभेने लिहून काढावे आणि ते कोष्टक तालुक्याच्या नियोजनाचा आधार व्हावे. या कामाला परदेशी सल्लागार लागत नाही. दुसरी गोष्ट, मोठ्या रस्त्याची वाट पाहत बसण्यापूर्वी पायवाटा बांधाव्यात. ओढ्यावरचा एक साकव आणि चढणीवरच्या दगडी पायऱ्या हे थोडक्या खर्चाचे काम आहे. पावसाळ्यात तुटणारे कित्येक पाडे त्याने जोडले जातील. तिसरी गोष्ट, वनखात्याची अडचण सांगणे थांबावे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची वाहिनी अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. कायदा हाताशी असून पाडा बिनरस्त्याचा राहत असेल तर दोष कायद्याचा नाही. चौथी गोष्ट, गाड्यांचे वेळापत्रक आगाराच्या सोयीने नव्हे तर शाळा-दवाखान्याच्या वेळांशी जुळवून ठरावे. आणि पाचवी, जेथे सेवा नेणे शक्यच नाही तेथे चालणाऱ्याला भरपाई मिळावी.

हे शेवटचे कोणाला अतिरेकी वाटेल; पण तत्त्व नवे नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने काम पाच किलोमीटरच्या आत द्यावे, न दिल्यास मजुरी दहा टक्क्यांनी वाढवून द्यावी, असे ठरवले होते. गरिबाच्या चालण्याला किंमत आहे आणि ती शासनाने मोजावी, हे देशाच्या कायद्याने एकदा मान्य केले होते. आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांना आधीच येऊन राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ योजना निघाली, तीही याच जाणिवेतून. २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी निघालेल्या केंद्रीय योजनेने रस्त्याची अट शंभर लोकवस्तीपर्यंत खाली आणली, त्याचा लाभ कातकरी पाड्यांना मिळू शकतो. तुकडे आहेत, त्यांना एकत्र धरणारी दृष्टी हवी.

ती दृष्टी मंत्रालयात बसून येणार नाही. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तिच्यात गाव हा एक खांब होता. पेसा कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवता येते. त्या ग्रामसभेने मोजलेले अंतर हेच अधिकृत अंतर मानले जावे, एवढी मागणी जव्हार-मोखाड्यातील कार्यकर्त्यांनी लावून धरली तरी बरेच काही हलेल. आणि शाळा बंद करण्याच्या किंवा उपकेंद्र दुसरीकडे नेण्याच्या कागदावर ज्या अधिकाऱ्याची सही व्हायची आहे, त्याने सही करण्यापूर्वी ते अंतर एकदा श्रावणात, पाड्यापासून सुरुवात करून, स्वतः चालून यावे.