उमेदवारीचा नववा रकाना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जन्मात पहिल्यांदा मुंबईच्या फोर्ट भागात पाऊल टाकले. काम माझे नव्हते, आतेभावाचे होते. दादा एलएल.बी. झाला आणि एका सॉलिसिटरांच्या पेढीत उमेदवार म्हणून घेतात का, हे पाहायला निघाला. मुंबई बघायला मिळेल म्हणून मीही मागे लागले. पेढीच्या बाहेरच्या खोलीत एका बाईंनी त्याच्या हातात छापील अर्ज ठेवला. अर्ज इंग्रजीत होता. बसल्या बसल्या मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते. नाव, पत्ता, गुण इथवर सारे सरळ. पुढे शाळेचे नाव व शिक्षणाचे माध्यम, मग वडिलांचा व्यवसाय. आणि नववा रकाना : 'वकिली व्यवसायात असलेले नातेवाईक'. दादाने क्षणभर पेन वर धरले आणि तिथे एक आडवी रेघ ओढली.

मुलाखत बारा मिनिटे चालली. भिंतीवरचे घड्याळ माझ्या समोरच होते, म्हणून इतके नक्की सांगते. परतीच्या गाडीत मी खोदून खोदून विचारले. 'आजवर कोणकोणत्या पेढ्यांत काम शिकलात? अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत बक्षिसे? छंद कोणते?' आणि शेवटी, 'वेल्हे म्हणजे नेमके कुठे?' दादा म्हणाला, 'तोरण्याच्या पायथ्याशी.' (तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच.) पुढे पत्र आले नाही. नकाराचेसुद्धा नाही.

मित्रहो, एका भावाला नोकरी मिळाली नाही म्हणून कोणी वार्षिकांकाची पाने अडवू नयेत, हे मला कळते. परंतु बी.ए. नंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जायचे, हा विचार माझ्याही मनात आहे. आपल्या वर्गात आणखी चौघे तरी तसे म्हणतात. तेव्हा आपली परीक्षा पुढे कशी होणार आहे, हे आजच पाहून ठेवलेले बरे.

मुंबईतली सॉलिसिटरकी ही इंग्रजांच्या वेळची चीज. पक्षकाराला भेटायचे, कागद तयार करायचे ते सॉलिसिटरने, आणि कोर्टात उभे राहायचे ते बॅरिस्टरने, अशी वाटणी होती. १९७७ पासून ही दुहेरी पद्धत कायद्याने संपली. आता सारेच अॅडव्होकेट. तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते, आणि तिच्यासाठी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी लागते. म्हणजे परीक्षेआधी कोणीतरी दार उघडून आत घ्यायला हवे. ते दार कशावरून उघडते, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या पेढ्या बहुतेक मुले राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून उचलतात. तिथल्या प्रवेशाची 'क्लॅट' परीक्षा २००८ साली सुरू झाली आणि ती फक्त इंग्रजीतून होते. म्हणजे ज्याला बारावीत असताना 'क्लॅट' हा शब्द ठाऊक नव्हता, त्याचा निकाल बारावीतच लागला. मला तो शब्द एफ.वाय.ला असताना कळला.

आता गंमत पाहा. या पेढ्यांच्या कामाचा एक मोठा भाग असतो जमिनीच्या मालकीहक्काची तपासणी. मुंबई-पुण्याची मंडळी पानशेत, वरसगाव, गुंजवणीच्या काठाने जमिनी घेऊ लागली आहेत. घेण्याआधी वकिलाकडून शोध घेतात : दुय्यम निबंधकांकडचे तीस वर्षांचे दस्त, सातबारा, फेरफार, आठ-अ. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात कोणाचे काय दडले आहे, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही असे तर नाही ना, कुळकायद्याच्या ४३ कलमाची आडकाठी आहे का, बहिणींची नावे वारसाच्या फेरफारात लागली की गाळली, हे सारे पाहावे लागते. दादाच्या घरची जमीन धरणात गेली. आतोबांना अक्षरओळख नाही. चौथीत असल्यापासून ते त्याला तलाठ्याकडे नि तहसील कचेरीत बरोबर नेत आणि त्याच्याकडून कागद वाचून घेत. फेरफाराचा नंबर धरून मागे मागे कसे जायचे, हे त्याला पोहण्यासारखे येते. कोणी शिकवले ते आठवणारही नाही. ज्या पेढीला अशा माणसाची गरज आहे, तिने त्याला छंद विचारले! त्यानेही 'वाचन' म्हणून सांगितले. काय वाचतो ते कोणी पुढे विचारले नाही.

बारा मिनिटांत जो चमकतो तोच चांगला वकील होतो, असे म्हणणाऱ्यांनी गांधीजींची आत्मकथा वाचावी. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते परतले आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. फीचे तीस रुपये परत केले. शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मागायला गेले, तर बी.ए. नाहीत म्हणून परत पाठवले. (आपण निदान ते तरी होणार आहोत, एवढे समाधान!) त्याच माणसाने पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या खटल्यात जमाखर्च मुळापासून शिकून घेतला, कागदन् कागद तपासला आणि दोन्ही पक्षांना लवादावर आणले. माणूस तोच होता; हातात काम पडल्यावर कळला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत याहून कडू आहे. कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या, शिवाय ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन त्यांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. पण हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टराकडे काम जायचे ते सॉलिसिटरमार्फत, आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम द्यायला राजी नव्हती. जिल्ह्यांच्या कोर्टांतली आणि अपिलाची कामे करीत त्यांना आपला जम बसवावा लागला. आज कोणी तोंडावर जात विचारणार नाही. मात्र शाळेचे नाव, वडिलांचा धंदा आणि नववा रकाना एकत्र वाचले की न विचारताच पुष्कळ काही कळते.

इंग्रजीचे काय, असे कोणी म्हणेल. तो मुद्दा खोटा नाही. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली असली, तरी हायकोर्ट इंग्रजीतच चालते आणि मोठ्या पेढ्यांचे करारमदारही इंग्रजीतच होतात. ज्याला इंग्रजीत बिनचूक नोटीस लिहिता येत नाही त्याला पेढीने का ठेवावे? मग त्याला नोटीस लिहायला बसवा. दादाला कोणी एक ओळही लिहायला सांगितली नाही. त्याचे इंग्रजी कानांनी तपासले, आणि कानाला शाळेचा उच्चार तेवढा कळतो.

आता थोडे आपल्याकडेही पाहू, नाहीतर 'नाचता येईना अंगण वाकडे' असे व्हायचे. आपण वर्षभर गाइड पाठ करतो. वादविवाद स्पर्धेची नोटीस लागली की नजर चुकवतो. ग्रंथालयात राज्यघटनेची मराठी प्रत आहे. मी ती काढली तेव्हा कार्डावर माझ्याआधी दोनच नावे होती. आणि तालुक्याच्या ठिकाणचे वकील तरी वेगळे काय करतात? ज्युनिअर घेताना गावचा, भावकीतला, आपल्या माणसाचा मुलगा पाहतात, आणि वर्ष-दोन वर्षे चहापाण्यावर राबवतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. सुचवले, सक्ती केली नाही. त्याच वर्षी ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सनदेसाठी ७५० रुपयांहून (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ हून) जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला. सनद स्वस्त झाली हे उत्तम झाले. पण सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षे खायचे काय, याचे उत्तर ज्याच्या घरी आहे, तोच शहरात टिकतो.

माझे म्हणणे साधे आहे. उमेदवाराला अर्धा दिवस बसवा. एक सातबारा, चार फेरफार, एक खरेदीखत हातात द्या आणि मालकी निर्वेध आहे की नाही ते एका पानात लिहायला सांगा. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर आपला नंबर झाकतात, तसे नाव, कॉलेज, गाव झाकून ते पान तपासा. हे काही माझे स्वप्नरंजन नाही. लंडनच्या क्लिफर्ड चान्स या बड्या पेढीने २०१४ च्या सुमारास शेवटच्या मुलाखतीत उमेदवाराच्या शाळा-विद्यापीठाचे नाव मुलाखत घेणाऱ्यांना न सांगण्याची प्रथा सुरू केल्याचे प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडे प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली 'आयडिया' ही संस्था काढून, ज्यांच्या घरी विधी विद्यापीठाचे नावही पोचत नाही अशा मुलांना तिथवर नेण्याचे काम सुरू केले. इच्छा असली की मार्ग सुचतो, तो असा. शिवाय यात पेढीवर कोणी उपकार करायला सांगत नाही. वेल्ह्याच्या जमिनीचा शोध चुकला, तर नुकसान तिच्याच पक्षकाराचे आहे.

'शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये' असे आमच्याकडे सांगतात. धरणात जमीन गेलेल्यांना ती चढावीच लागली, शहाणपण असो वा नसो. पुनर्वसनाची जमीन, वाढीव मोबदला, मोजणीतली हद्द, यांसाठी माझ्या आत्याच्या घराने तीस-तीस रुपयांची तिकिटे काढून किती खेपा घातल्या, त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. त्या खेपांत जे वकील भेटले, त्यांच्यापैकी एकानेही कागदात काय लिहिले आहे ते आतोबांना समजावून सांगितले नाही. ते दादा सांगायचा, चौथीतला.

दादाने गेल्या महिन्यात सनद घेतली. आता तो भोरच्या कोर्टात एका वकिलांच्या टेबलापाशी बसतो. पगार नाही, पण टायपिंगचे नि झेरॉक्सचे पैसे ते देतात. मुंबईच्या त्या बाईंनी त्या दिवशी चुकून दोन अर्ज दिले होते. कोरा राहिलेला मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात जपून ठेवला आहे. तीन वर्षांचे एलएल.बी. संपेतो तो रकाना तसाच राहिला, तर मला तिथे आडवी रेघ ओढावी लागणार नाही. मी दादाचे नाव लिहीन.